शापोऱ्याच्या मामांना

मामा,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल, तिला तसं सांगून ठेवलं आहे. तोंडावर बोलायला गेलो की तुम्ही "पुरे रे" म्हणून जाळं दुरुस्त करायला घेता. म्हणून लिहितो आहे, आणि चार जणांनी वाचावं असंही वाटतं.

मी देशावरचा. विहिरीत पोहलो, नदीत पोहलो. खाऱ्या पाण्याशी गाठ पडली ती गोव्यात, म्हापशात नोकरी लागल्यावर. जून-जुलैची मासेमारी बंदी संपली, पाऊस सरला की समुद्र शांत होतो, आणि थंडीत तर काही भीतीच नाही, एवढंच मी ऐकून होतो.

ती डिसेंबरातली सकाळ. मित्राची लहान होडी होती, बेत शापोरा नदीच्या मुखाबाहेर मोरजीच्या अंगाला जायचा. आभाळ स्वच्छ. तुम्ही धक्क्यावर बसल्या बसल्या म्हणालात, "वारो पळय." वारा बघ म्हणजे काय बघायचं, मला काही कळेना. मग तुम्ही समजावलंत. थंडीत पहाटे मतलई वारा हवा, जमिनीवरून येणारा, कोरडा, अंगावर काटा आणणारा. त्या दिवशी तो नव्हताच. दक्षिणेकडून दमट झुळूक येत होती, दोर हाताला ओलसर लागत होते. मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर एक लाट फुटायची, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक, आधीपेक्षा उंच. ही लाट इथली नाही, लांबून आली आहे, असं तुम्ही म्हणालात. दूर अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याचं मला संध्याकाळी बातम्यांत कळलं.

2017 च्या डिसेंबरातल्या ओखीची गोष्ट तुम्ही तेव्हाच सांगितलीत. ते चक्रीवादळ गोव्यावर आलंच नव्हतं, खोल समुद्रातून गुजरातच्या दिशेनं गेलं. पण त्याच्या लाटा आणि पौर्णिमेचं उधाण एकाच वेळी आलं आणि किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, त्या झावळ्यांच्या खानावळींत, पाणी शिरलं.

लाटेत होडी आडवी झाली तर काय करायचं, हे आम्हा दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. मामा, आभार मानायचे ते आधी त्या दिवशी अडवल्याचे.

पण तुम्ही नुसतं अडवलं नाहीत. तुमच्या होडीत बसवून शिवोलीच्या पुलाखालून वर, खाजनांकडे, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या शेतांकडे नेलंत. पाणी वळायची वाट पाहिली. ओहोटी लागली की मानशीचं, म्हणजे बांधातल्या झडपेचं, दार उघडतं, आतलं पाणी जोरात नदीत येतं आणि त्याबरोबर सुंगटं म्हणजे कोळंबी, बारीक मासळी येते. ती खायला टपलेला चणक मासा कडेच्या संथ पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. मानशीत मासे धरायचा हक्क कुणीतरी पावणीत, म्हणजे लिलावात घेतलेला असतो, म्हणून तुम्ही आधी तिथल्या माणसाला हाक मारून विचारलंत आणि होडी लांब, नदीतच ठेवलीत. एवढं कोण करतं? जिवंत सुंगट गरीला, म्हणजे गळाला लावताना डोक्यातला काळा ठिपका वाचवायचा, शिंगाखालून टोचायचं, म्हणजे ते पोहत राहतं, हे तुम्ही मला तीनदा दाखवलंत.

चणक लागला, साडेतीन किलोचा. आनंदाच्या भरात मी कल्ल्याशी हात घातला आणि झाकणाच्या धारेनं बोट चिरलं. तुम्ही आधी रक्त धुतलंत, पंच्याची चिंधी फाडून बांधलीत, मग मासा बघितलात. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. फक्त माशाचं डोकं मागितलंत, हुमणासाठी, म्हणजे कालवणासाठी.

त्याला दोन हिवाळे झाले. रात्री आभाळ निरभ्र आणि मतलई जोरात असला की उथळ पाणी पहाटेपर्यंत गार पडतं, मासा सुस्तावतो. अशा वेळी समुद्राकडून चढणारी भरती ऊब घेऊन येते. मुखाजवळ पाण्यात हात घातला की फरक कळतो. म्हणून गार पहाटे चढतं पाणी धरायचं, ओहोटीवर बसायचं तर ऊन तापल्यावर. वारा दक्षिणेला वळून ढग आले की एक-दोन दिवस तांबोशी आणि चणक हे मासे सपाटून खातात. ते सरून उत्तरेचा कोरडा वारा सुटला की गप्प होतात. तेव्हा डोह गाठायचा आणि आमिष जवळजवळ हलवायचंच नाही. हे सगळं तुमचं. मी दर खेपेला वहीत टिपत गेलो आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघालं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचे तास येतात, आपल्या मुखाशी त्याहून थोडं आधी, आत गेलं की उशिरा, हे गणित तर मी आता ऑफिसातही करतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी मंद आणि निवळ, अमावास्या-पौर्णिमेला गढूळ आणि ओढ जास्त, हेही पाठ झालं आहे.

येत्या दशमीला रजा टाकली आहे. भरती सातच्या सुमारास, म्हणजे चारला निघायला हवं. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, तुमचा; सुंगटं जिवंत ठेवायला बादली आणि हवेचा पंप मी आणतो. वारा फिरलेला असला तरी येतो, धक्क्यावर बसू.

तुमचा,
म्हापशाचा भाचा