बारा काळांचा तक्ता आणि तीन दिवसांचा ताप

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजीच्या बारा काळांचा तक्ता आला होता. मी तो कापून ठेवला आहे. पण इंग्रजी शिकणाऱ्याचं खरं अडतं कुठे, ते त्या चौकोनांत सापडत नाही. म्हणून हे पत्र.

मी परिचारिका आहे, २२ वर्षं वॉर्डात काम करते. बारा काळ मला शाळेपासून तोंडपाठ. कंसातल्या क्रियापदाचं योग्य रूप लिहा, या प्रश्नात माझा गुण कधी गेला नाही. तरीही दोन वर्षांपूर्वी रात्रपाळी संपवताना एका रुग्णाच्या नोंदीत मी लिहिलं, 'ही हॅड फीवर फॉर थ्री डेज'. सकाळी डॉक्टरांनी ते वाचलं, ताप येऊन गेला असं समजले आणि पुढच्या खाटेकडे वळले. ताप गेलेला नव्हता. तीन दिवसांपासून आहे, असं मला म्हणायचं होतं. मी अजून तिथेच होते म्हणून लगेच सांगता आलं. 'ही हॅज हॅड फीवर' लिहिलं असतं तर सांगायची वेळच आली नसती.

त्या दिवशी मी एक वही घातली. चूक झाली की डावीकडे ती लिहायची आणि उजवीकडे त्या वेळी डोक्यात असलेलं मराठी वाक्य. काही महिन्यांत लक्षात आलं की तक्ता विसरल्यामुळे झालेल्या चुका फारच थोड्या आहेत. बाकी सगळ्या उजव्या बाजूच्या वाक्यातून सरळ चालत आल्या आहेत.

आपण 'काल मी तिला भेटले होते' असं सहज म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'आय हॅड मेट हर यस्टरडे' होतं. तिथे नुसतं 'मेट' पुरतं. 'हॅड' लागतो तो भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची कोणती हे दाखवायला. आपल्या 'होते'वर ते ओझं नसतं. 'तो गेला नाही' यात 'गेला' तसाच राहतो आणि 'नाही' मागून येतं. त्यातूनच 'ही डिड नॉट वेंट' जन्माला येतं. इंग्रजीत भूतकाळ 'डिड'ने उचललेला असतो, त्यामुळे क्रियापद पुन्हा 'गो' होतं. हे कारण मला कुणी शाळेत सांगितलं नाही. 'डिडनंतर पहिलं रूप' एवढंच फळ्यावर असायचं. ती म्हणाली, 'मी येते', हे दुसऱ्याला सांगताना मराठीत 'येते' बदलत नाही. इंग्रजीत बहुधा क्रियापद एक पाऊल मागे, भूतकाळात, न्यावं लागतं. आणि दारात उभं राहून 'आलेच!' म्हणतो तेव्हा तर आपण भूतकाळाचं रूप वापरून पुढचं बोलत असतो.

सगळ्यात जास्त पानं मात्र 'हॅव'ने खाल्ली. वर मी '२२ वर्षं काम करते' असं लिहिलं. मराठीत ते पूर्ण आहे. इंग्रजीत 'आय ॲम वर्किंग फॉर ट्वेंटी टू इयर्स' चुकतं. मागे सुरू झालेलं आणि आजपर्यंत आलेलं, म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग'. उलट 'यस्टरडे' आला की 'हॅव' चालत नाही, कारण काल संपलेला असतो. हा धागा हाती लागल्यावर मला तक्त्यातले चार चौकोन एकदम उलगडले.

अनियमित क्रियापदांच्या याद्यांची धास्ती घेतलेली मुलं पाहते तेव्हा वाईट वाटतं. जा–गेला, ये–आला, कर–केलं, हो–झालं: आपल्याकडे कमी आहेत का? माझी भाची लहानपणी 'मी करलं' म्हणायची. तिला कुणी यादी दिली नाही. 'केलं' इतक्या वेळा कानावर पडलं की 'करलं' आपोआप सुटलं. इंग्रजी घरातली लहान मुलंही 'वेंट'च्या जागी 'गोएड' म्हणतात आणि पुढे सोडून देतात.

म्हणून सराव कानाने आणि तोंडाने व्हावा, असं माझं कळकळीचं म्हणणं आहे. मी रोज दहा मिनिटं मोठ्याने बोलते. एका आठवड्यात एकच जोडी. घडलेली एकच गोष्ट 'टूक'ने सांगायची, मग 'हॅज टेकन'ने, आणि ऐकणाऱ्याला काय वेगळं कळलं ते मराठीत सांगायचं. 'ही टूक द टॅबलेट ॲट सिक्स' यात वेळ महत्त्वाची. 'ही हॅज टेकन द टॅबलेट' यात आता पुन्हा देऊ नका, हे महत्त्वाचं. वॉर्डात हा फरक दर तासाला लागतो. 'विल हॅव बीन'चा चौकोन मात्र २२ वर्षांत एकदाही लागला नाही, आणि शाळेत त्याला इतरांइतकेच दिवस दिले होते.

आपल्याला विनंती अशी, की पुरवणीत पुढचा तक्ता छापण्याऐवजी अशा जोड्या छापाव्यात. शेजारी मनात येणारं मराठी वाक्य आणि ते कुठे वाट चुकवतं तेही. माझ्या वहीत आतापर्यंत ८६ वाक्यं जमली आहेत. हवी असतील तर रुग्णांचे उल्लेख काढून, स्वच्छ अक्षरात उतरवून पाठवते.

आपली,
एक परिचारिका