मंत्री महोदय, त्या आजीबाईंना आता तुम्हीच कळवा

मा. मंत्री महोदय,
वॉशिंग्टन डी.सी.

स. न. वि. वि.

खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आमची ग्रीन कार्डची फाइल अजून तुमच्याच सरकारकडे धूळ खात पडलीय आणि हल्ली कोण काय वाचतं सांगता येत नाही. इंग्रजी पत्र रीतसर पाठवलं होतं, साधी पोचसुद्धा नाही. म्हणून हे मराठीत, निदान आपली माणसं तरी वाचतील.

परवा ईमेल आला की आमच्या प्रोजेक्टची ग्रांट बंद, का तर म्हणे खात्याच्या प्राधान्यक्रमात बसत नाही, असल्या कामाने देशात फूट पडते. पाच वर्षांचा शब्द दिला होतात, तिसरं वर्ष चालू आहे! मी ज्यांच्या हाताखाली काम करते त्या सायकॉलॉजीच्या प्रोफेसर बाई शिकागोच्या साउथ साइडला काळी मुलं आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करतात. चर्चच्या तळघरात संध्याकाळचं जेवण, धाकट्यांना सांभाळायला कोणीतरी, बसभाडं, आणि मग सेशन. तेरा वर्षांचा पोरगा दुकानात शिरलाय, तो काळा म्हणून गार्ड मागेमागे फिरतोय, आता काय करायचं? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या हॉवर्ड स्टीव्हन्सन सरांची पद्धत आहे, ताण दहापैकी किती, अंगात कुठे जाणवतोय, मनात स्वतःला काय म्हणतोयस, मग श्वास घे, सोड. सेशनमध्ये तसं नाटकच करायचं, एका घरच्या आजीबाई गार्ड झाल्या, नातू गिऱ्हाईक. पहिल्यांदा तो नुसता हसत सुटला. दुसऱ्यांदा म्हणाला, "नऊ. पोटात." आजीबाईंना पुढचं वाक्यच बोलता येईना. यातून देशात फूट कशी पडते ते जरा समजावून सांगा, तुम्ही शिकलेले आहात.

याच आजीबाई प्रोजेक्टमध्ये भाग घ्यायच्या फॉर्मवर सही करायला तयार नव्हत्या. टस्कीगी आठवतंय ना? १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं सरकारी डॉक्टर शेकडो काळ्या माणसांचा सिफिलिस नुसता बघत बसले, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. मी तोंड वर करून सांगितलं होतं, आता तसं नाही हो, हे पाच वर्षं चालणार. तुम्ही मला खोटं पाडलंत.

आणि आमच्या एकट्यांचंच नाही. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत गोळीबारात १९ लेकरं आणि दोन शिक्षिका गेल्यावर दोन्ही पक्षांनी मिळून शाळांत काउन्सेलर नेमायला पैसे मंजूर केले, त्यातलेच अब्जभर डॉलर २०२५ च्या एप्रिलमध्ये तुमच्या सरकारने थांबवले. पाचशे मुलांमागे एक सायकॉलॉजिस्ट हवा, इथे हजारामागेही धड एक नाही. १० ते २४ वयाच्या काळ्या मुलांत आत्महत्यांचं प्रमाण २०१८ ते २०२१ मध्येच ३६ टक्क्यांनी वाढलं, सीडीसीचा, म्हणजे तुमच्याच सरकारी आरोग्य संस्थेचा आकडा आहे, वेबसाइटवरून उडवला नसेल तर बघा. शिकागो शहराने तर २०१२ लाच बारापैकी सहा मानसिक आरोग्याचे दवाखाने बंद केले होते, तेव्हा पक्ष दुसरा होता, म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी.

माझा पगार महिनाअखेरीला बंद. घराचा हप्ता, डेकेअर, इन्शुरन्स सगळं नवऱ्याच्या एच-वनवर, त्याच्याही ऑफिसात ले-ऑफचं चाललंय, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही आणि मानसिक आरोग्याच्या प्रोजेक्टवर काम करणाऱ्या मला थेरपिस्ट परवडत नाही, वा रे वा! वर आपलेच लोक शहाणपणा शिकवतात, "काळ्यांच्या वस्तीत जायचंच कशाला, आयटीत शीर की." अरे, १९६५ चा इमिग्रेशन कायदा झाला म्हणून तुम्ही इथे आलात, तो याच लोकांच्या लढ्याच्या रेट्यात झाला, पण गणपतीच्या पंगतीत हे बोललं की सगळे जिलेबीकडे वळतात.

असो. ग्रांट परत चालू करा. नसेल करायची तर प्रत्येक घरासाठी तुमच्या सहीचं एक पत्र द्या, सोप्या भाषेत, हे कोणी बंद केलं आणि का. घरांना फोन करून कळवायचं काम माझ्या गळ्यात टाकलंय, ते मी करणार नाही. पत्रं आमच्याकडे पाठवा, वाटायचं काम फुकटात करते.

आपली,
(महिनाअखेरपर्यंत नोकरीत असलेली) एक नाशिककर, शिकागो