आयसोइलेक्ट्रिक फोकसिंगचा आधार वजन नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील सिकलसेलच्या तपासणीवरील लेखात, आयसोइलेक्ट्रिक फोकसिंगमध्ये प्रथिने वजनानुसार वेगळी होतात, असे विधान आले आहे. लेख एरवी वाचनीय आहे. मात्र ही चूक विषयाच्या गाभ्याशीच असल्याने हे पत्र.

या पद्धतीत जेलच्या पट्टीवर धनाग्राकडे आम्ल आणि ऋणाग्राकडे आम्लारी, असा क्रमाने चढत जाणारा सामू (pH) राखलेला असतो. प्रथिनावरील एकूण विद्युतभार भोवतालच्या सामूनुसार बदलत असल्यामुळे, विद्युतदाब दिल्यावर आम्लाकडील प्रथिन धनभारित होऊन ऋणाग्राकडे, तर आम्लारीकडील ऋणभारित होऊन धनाग्राकडे सरकते, आणि ज्या सामूला हा भार शून्य होतो त्या समविद्युत बिंदूवर येऊन थांबते. तेथून ते किंचित जरी ढळले तरी पुन्हा भारित होऊन माघारी ओढले जाते. रेषा इतक्या रेखीव उमटतात त्या यामुळेच. मोठ्या रेणूला पोहोचायला वेळ अधिक लागेल, पण त्याची जागा बदलणार नाही. (घरच्या दह्यातही हाच बिंदू कामाला येतो: आंबत जाणाऱ्या दुधाचा सामू 4.6 च्या आसपास उतरला की केसीनचे कण एकमेकांना दूर ठेवेनासे होतात आणि दही लागते.)

सिकलसेलच्या बाबतीत तर वजन अगदीच निरुपयोगी ठरते. या आजारातील हिमोग्लोबिनच्या दोन्ही बीटा साखळ्यांत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. त्यामुळे सुमारे 64,500 डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) रेणूत फरक पडतो तो जेमतेम 60 डाल्टनचा. मात्र ग्लुटामिक आम्लावर असणारा ऋणभार व्हॅलिनवर नसल्याने दोन ऋणभार कमी होतात, समविद्युत बिंदू सामूच्या मापात सुमारे 0.2 ने वर सरकतो आणि पट्टीवर नेहमीच्या व सिकलसेलच्या हिमोग्लोबिनच्या दोन स्वतंत्र रेषा दिसतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी 1949 मध्ये, या पद्धतीच्याही आधी, हा फरक दाखवला तो भारावरूनच.

लेखकाचा गोंधळ बहुधा दुसऱ्या पद्धतीमुळे झाला असावा, ज्यात सोडियम डोडेसिल सल्फेट हे रसायन प्रथिनाचा मूळ भार झाकून टाकते व विभागणी खरोखरच आकारमानावर होते.

सांगलीत बारावीची अनेक मुले आपल्या पुरवणीची कात्रणे वहीत चिकटवतात. म्हणून दुरुस्ती आतल्या कोपऱ्यात न देता लेखाच्याच जागी छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
विश्रामबाग, सांगली