प्लास्टिक अजून चढवू नकोस

पुणे,
२१ एप्रिल

चि. मृणालिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा फोनवर माझा आवाज चढला आणि तू "बरं आबा" एवढेच म्हणून फोन ठेवलास. तुझे "बरं आबा" म्हणजे काय, हे मला तू सहावीत होतीस तेव्हापासून ठाऊक आहे. एका डोळ्यावर अजून पट्टी असल्याने ओळी तिरक्या जात आहेत, सांभाळून वाच.

परड्यातल्या हरितगृहाच्या सांगाड्याचा फोटो पाहिला. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचे काम सरळ झाले आहे, खड्डे दोन फूट घेतलेस तेही योग्य, आणि लांबी दक्षिणोत्तर ठेवलीस हे पाहून तर मी तो फोटो दादाच्या शेजाऱ्यांनाही दाखवला. फोटो पाठवल्याची वेळ मात्र रात्री पाऊण वाजताची होती. दुसऱ्या पाळीतून सुटून, शिरोलीहून स्कूटरवर येऊन, तू टॉर्चच्या उजेडात नटबोल्ट आवळत होतीस, असा त्याचा अर्थ होतो. या विषयावर पत्रात काही लिहायचे नाही असे ठरवूनच बसलो आहे, तेव्हा पुढचे लिहितो.

प्लास्टिक इतक्यात चढवू नकोस. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ३८ अंश असले, तर बंद प्लास्टिकच्या आत पारा सहज ४५ च्या पुढे जातो. लहानपणी तू करवंटीत मूग पेरून त्यावर आईची लोणच्याची काचेची बरणी पालथी घातली होतीस, ते आठवते का? "त्याला ऊन लागेल पण वारा नको," असे तू आम्हाला समजावलेस आणि दुपारी शाळेतून येऊन पाहिलेस तो मोड उकडून गेले होते. तू रडलीस; आईने त्याच बरणीत पुन्हा लोणचे भरायला ठाम नकार दिला. हरितगृहाचे सगळे शास्त्र त्या बरणीत आहे. ऊन आत येते, उष्णता बाहेर पडत नाही आणि दुपारी झाकण उचलायला कोणी घरी नसते.

म्हणून "काय लावायचे" हा प्रश्न मागे ठेव आणि "मी दहा तास घरी नसताना काय होईल" हा आधी विचार. दुपारी कोणीतरी येऊन पडदे गुंडाळेल या भरवशावर राहू नये. काकींचे गुडघे तुला माहीत आहेत. चारही बाजूंना कमरेपासून वर ४० मेशची, म्हणजे इंचाला चाळीस छिद्रांची, कीटकरोधक जाळी कायमची बसव, आणि माथ्यावर एक फूट फट ठेवून तीही जाळीनेच झाक, म्हणजे तापलेली हवा आपोआप वरून निघून जाते. मे अखेरपर्यंत वर फक्त निम्मे ऊन अडवणारी ५० टक्क्यांची शेडनेट पुरे. तिच्याखाली कोथिंबीर टाक: धणे रगडून दोन फाकी करायचे, रात्रभर भिजवायचे, पेरायचे. चाळीस दिवसांत काढणी होते आणि चुकले तरी दहा रुपयांचे धणे जातात. २०० मायक्रॉनचा यूव्ही प्लास्टिकचा रोल मात्र मी येईपर्यंत माळ्यावरच राहू दे. त्याला घाई नाही. कशालाच घाई नाही, मृणाल.

वळवाचा वारा हे दुसरे कारण. नोकरीत असताना शिरोळ तालुक्यात एका शेतकऱ्याचे नवे पॉलिहाऊस मी पाहायला गेलो होतो. कर्ज काढून उभारलेले. मेच्या एका संध्याकाळी अर्ध्या तासात त्याचा प्लास्टिकचा कागद फाटून शेजारच्या उसावर जाऊन पसरला. तो माणूस काही बोलला नाही, त्याने मला चहा दिला. रात्री तिथून राजदूतवर परतताना हातकणंगल्याच्या अलीकडे मला डुलकी लागली आणि मी गाडीसकट चरीत गेलो. खांदा निखळला होता. गाडी घसरली असे घरी सांगितले. खरे काय ते तुझ्या आईला मी शेवटपर्यंत सांगितले नाही. डुलकी येताना कळत नाही, एवढेच सांगायचे होते. मी पुन्हा त्याच विषयावर आलो, माफ कर.

पाण्याचे सांगतो. छतावरच्या टाकीला ठिबकपुरता दाब मिळेल. टाकीनंतर जाळीचा फिल्टर हवाच, आणि तो रविवारी धुवायचा. वेळ लावायचे यंत्र बॅटरीचे घे, म्हणजे वीज गेली तरी पाणी चुकत नाही. सकाळी सातला आणि दुपारी तीनला थोडे थोडे. सातला पाणी देण्यासाठी तू उठायचे नाहीस, ते यंत्र त्यासाठीच आहे.

जूनमध्ये टोमॅटो आणि काकडी लावू. जाळीमुळे पांढरी माशी अडते तशी मधमाशीही अडते, म्हणून काकडीचे बी परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या वाणाचेच माग. टोमॅटोला मधमाशीची गरज नसते. सकाळी दहाच्या आत झाडांच्या आधाराला ताणलेल्या सुतळ्यांवर काठीने हलके टकटक केले की पराग पडतात. दोन मिनिटांचे काम आहे, चहाचा कप हातात असतानाही होते.

रोपांच्या पिशव्या जमिनीवर न ठेवता तीन फूट उंच मांडणीवर ठेव. रमणमळ्यात राहून पंचगंगा नदी विसरून चालत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचले की बाजूचे प्लास्टिक सोडवून वर बांधायचे, म्हणजे पाणी आरपार जाते आणि सांगाडा ओढला जात नाही. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले, त्यापुढे कोणतीच मांडणी टिकली नसती. आईची अबोली त्याच पुरात गेली. ती होती तिथेच तू सांगाड्याचा पूर्वेकडचा कोपरा रोवला आहेस, हे फोटोत दिसले. परवा मी ओरडलो त्याचे निम्मे कारण ते होते. मला ते तुला सांगता आले नाही. तुझ्या मोजमापात तोच कोपरा यायला हवा होता हे मलाही दिसते आहे. तो हलवू नकोस.

फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत तुझी सही झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही, हे दादा इथे सर्वांना सांगतो आणि मी ऐकले नसल्यासारखे करतो. त्या कामाला जी मुलगी नमुना तीनदा तपासते, तिने घरच्या कामाला मध्यरात्र निवडावी याचे मला नवल वाटते. हे व्याख्यान झाले. खोडणार होतो, पण एका डोळ्याने खाडाखोड धड होत नाही.

डॉक्टरांनी आणखी तीन आठवडे वाकायला आणि जड उचलायला मनाई केली आहे. मेच्या मध्यावर येईन. प्लास्टिक मेअखेरीस, सकाळी वारा पडलेला असताना चढवू. तू सुट्टीच्या दिवशी आठ तास झोपून उठल्यावर, मी खुर्चीवर बसून सांगेन आणि काकींचा नातू पलीकडचे टोक धरेल. प्लास्टिक पक्के अडकवायची झिगझॅग स्प्रिंग तेवढी आणून ठेव.

तुझा,
आबा

ता. क. स्कूटरची मागची लाल काच फुटली असल्याचे वहिनीकडून कळले. कशी फुटली, ते मी विचारत नाही. उद्या कामावर जाण्याआधी बसवून घे.