डोळ्यांच्या जागी दोन डाग

महोदय,

रविवारच्या पुरवणीत रोमानियन चित्रकार निकोलाए तोनित्साचे 'वनरक्षकाची मुलगी' हे चित्र छापलेत. निवड उत्तम, पण छपाईने चित्राची वाट लावली. मुलीच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग तेवढे उरले.

तोनित्साने रंगवलेली मुले ओळखली जातात ती डोळ्यांवरून. मोठे, गोल, गडद डोळे. चेहऱ्यावर छायाप्रकाश तो फारसा खेळवत नाही, सपाट रंग आणि बाह्यरेषा यांवर भागवतो, त्यामुळे सगळा भार डोळ्यांवर येतो. तिथे एका गडद रंगाला दुसरा गडद रंग लागलेला असतो. दोहोंत जो थोडासा फरक, तीच नजर. तो फरक बुजला की मुखवटा उरतो.

न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद, शाई पितो. छापील चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. फाइलमधला निम्मी, म्हणजे 50 टक्के, जागा व्यापणारा ठिपका छापताना 75 च्या आसपास पसरतो, आणि गडद भागात ठिपके एकमेकांना भिडून सपाट काळे होते. चकचकीत कागदासाठी केलेली फाइल तशीच छपाईच्या प्लेटला पाठवली की हेच होणार. फाइलचे रूपांतर न्यूजप्रिंटच्या प्रोफाइलने, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उमटतात याच्या नोंदीने, करावे, एकाच जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज 240 च्या आत ठेवावी आणि सर्वांत गडद छटा आधीच थोड्या उजळून घ्याव्यात. असे केल्यावर पडद्यावर चित्र फिके दिसते. तिथे घाबरून कॉन्ट्रास्ट वाढवू नये! आपल्याकडे तो वाढवलेला दिसतो. गालही भाजल्यासारखे लाल झाले आहेत.

त्यात चौकटीत बसावे म्हणून वरून कपाळ कापले. व्यक्तिचित्राची मांडणी अशी कातरायची नसते.

चित्राखालची ओळ तर वाचवत नाही: 'रशियन चित्रकाराची अनाथ मुलगी'. तोनित्सा 1886 साली रोमानियातल्या बर्लाद गावी जन्मला आणि 1940 साली बुखारेस्टला वारला. त्याच्या 'कात्युशा' चित्रातली मुलगी लिपोवेन, म्हणजे रोमानियात वसलेल्या रशियन समाजातली. घोटाळा तिथून झाला असावा. आणि ही मुलगी अनाथ कशी? चित्राच्या नावातच तिचा बाप आहे.

नावही 'टोनिट्झा' असे छापलेत. मूळ लिपीत शेवटी 'टीझेड' दिसत असले तरी उच्चार 'त्स' आहे. देवनागरीत त्यासाठी सरळ अक्षरे असताना इंग्रजी वळण कशाला?

चित्र पुन्हा छापावे, न कापता. प्लेट काढण्याआधी त्याच कागदावर प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, घेऊन दोन्ही डोळे भिंगाखाली तपासावेत.

कळावे,
एक वाचक