नर्सिंगच्या मुलींना आधी प्रत्यय शिकवा

महोदय,

मुरबाड-शहापूरच्या मराठी शाळांतून ठाण्यात नर्सिंग शिकायला येणाऱ्या मुली पहिल्याच वर्षी इंग्रजी शब्दांपुढे हबकतात. काही जणी संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येतात. वह्या स्पेलिंगांनी भरलेल्या, पण शब्द फोडून कुणी दाखवलेला नसतो. खरे तर उपसर्ग-प्रत्यय त्या मराठी व्याकरणात शिकूनच आलेल्या असतात!

‘अपेंडिसायटिस’ घ्या. ‘अपेंडिक्स’ लॅटिन, त्याला जोडलेला ‘आयटिस’ ग्रीक. बोस्टनचे डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये हे नाव दिले. ‘आयटिस’चा मूळ अर्थ सूज नव्हे, नुसता ‘अमक्याचा’. ग्रीकमध्ये ‘आर्थ्रायटिस नोसोस’ म्हणजे सांध्यांचा आजार. पुढे आजारवाचक ‘नोसोस’ गळला. पैठणी नेसली म्हटल्यावर आपल्याला साडी म्हणावे लागत नाही, तसेच हे. सूज किंवा दाह हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

मला जास्त काळजी वाटते ती ‘टॉमी’ची. ‘टॉमी’ म्हणजे छेद, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढून टाकणे आणि ‘ऑस्टॉमी’ म्हणजे तोंड पाडणे, कारण त्यात ‘स्टोमा’ म्हणजे तोंड दडलेले आहे. कोलेक्टॉमीत मोठे आतडे किंवा त्याचा भाग काढतात. कोलॉस्टॉमीत आतड्याचे तोंड पोटावर आणतात. तिथली पिशवी बदलायची, भोवतालची कातडी सोलवटू द्यायची नाही, हे सगळे सिस्टरच्या हातचे काम. केसपेपरवर घाईत लिहिलेले हे दोन शब्द ओळखताना घोकंपट्टी दगा देते.

परवा ‘कोलेसिस्टेक्टॉमी’ पाहून एक मुलगी रडवेली झाली. ‘कोले’ पित्त, ‘सिस्ट’ पिशवी, एवढेच मी सांगितले. शेवटचा तुकडा तिने स्वतः जोडला आणि ओरडली, “पित्ताशय काढलं!” मग ‘ॲनिमिया’, म्हणजे रक्ताची कमतरता, निघाला. त्यातला नकाराचा ‘अन्’ आणि आपल्या ‘अनंत’, ‘अनादर’मधला ‘अन्’ मुळात एकच आहेत, हे कळल्यावर त्या आणखी शब्द विचारत बसल्या.

नर्सिंग महाविद्यालयांनी शरीररचनेचे पुस्तक उघडण्याआधी काही तास या प्रत्ययांना द्यावेत. मराठीतून शिकवले तरी चालेल, किंबहुना मराठीतूनच शिकवावे. आपल्या ठाणे पुरवणीतही दर आठवड्याला एक प्रत्यय उदाहरणांसह छापता येईल. मी यादी करून देते, ती एखाद्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

– एक निवृत्त परिचारिका, नौपाडा, ठाणे