‘म्यूइंग’चा लेख आणि त्यात राहून गेलेली मुले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जीभ टाळूला लावून ठेवल्याने, म्हणजेच ‘म्यूइंग’ने, चेहरा रेखीव होतो, अशा आशयाचा लेख आपल्या पुरवणीत आला होता. माझ्या सोळा वर्षांच्या मुलाने तो कापून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवला, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेले वर्षभर वर्गात एक खूण पाहते आहे. प्रश्न विचारला की मुलगा ओठांवर बोट ठेवतो आणि मग तेच बोट जबड्याच्या कडेने कानाकडे फिरवतो. म्हणजे, मी ‘म्यूइंग’ करतो आहे, आता बोलणार नाही. आधी मला तो उद्धटपणा वाटला. घरी जेवताना समोर तीच खूण झाली, तेव्हा मात्र मी धास्तावले.

माझा मुलगा सात महिने हे करत होता. ओठ मिटलेले, दात दातांवर, संपूर्ण जीभ वर दाबलेली. झोपेत जीभ सुटते म्हणून तो तोंडाला चिकटपट्टी लावू लागला. चौथ्या महिन्यापासून त्याला सकाळी कानापुढे दुखायचे आणि जांभई देताना जबड्याच्या सांध्यात कट् असा आवाज यायचा. दंतवैद्यांनी तपासून सांगितले, की जिभेच्या नादात हा दिवसभर दात आवळून बसतो आणि जबड्याचे स्नायू थकून गेले आहेत.

तरी त्याचा विश्वास ढळेना, कारण त्याच्याकडे सहा महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन फोटो होते. मग मी त्यालाच कॅमेरा धरायला सांगितला. मान थोडी पुढे काढून आणि जीभ सैल सोडून मी बसले. त्याने बाजूने फोटो काढला. लगेच मान सरळ केली, जीभ टाळूला लावली, दुसरा फोटो. मध्ये एक मिनिटही गेले नव्हते. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी हनुवटी दुसऱ्या फोटोत ठसठशीत दिसत होती. जीभ वर गेली की तोंडाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, गळ्यातले छोटे हाड वर ओढले जाते आणि हनुवटीखालची कातडी घट्ट होते. जीभ सोडली की सगळे पुन्हा पूर्वीसारखे. शिवाय पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाचा खालचा जबडा वाढतच असतो. त्या सहा महिन्यांत त्याने काहीच केले नसते, तरी चेहरा बदललाच असता. तो बराच वेळ दोन्ही फोटो पाहत राहिला.

या कल्पनेत काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. दातांवर जिभेचा आणि ओठांचा हलका पण सततचा दाब परिणाम करतो. क्षणभराच्या जोरापेक्षा तासन्‌तास टिकणारा दाब महत्त्वाचा, असे अमेरिकी ऑर्थोडॉन्टिस्ट (वेडेवाकडे दात सरळ करणारे दंतवैद्य) विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ मध्ये मांडले होते. अंगठा चोखणाऱ्या मुलांचे दात पुढे येतात ते त्यामुळेच. पण दात सरकणे वेगळे आणि वाढ संपत आलेल्या चेहऱ्याचे हाड बदलणे वेगळे. टाळूच्या मधोमध दोन हाडांचा सांधा असतो. लहानपणी तो सैल असतो, किशोरवयात हळूहळू घट्ट गुंततो. तो रुंदावण्यासाठी दंतवैद्य दातांना पक्का स्क्रू बसवतात आणि त्याच्या एकेका वळशाने साधारण पाव मिलिमीटर अंतर मिळवतात. मोठ्या माणसांत बऱ्याचदा शस्त्रक्रियेचा आधार घ्यावा लागतो. तिथे जिभेचा काय पाड लागणार? म्यूइंगने जबड्याचा आकार बदलतो, हे दाखवणारा भरवशाचा अभ्यास आजवर झालेला नाही. ज्यांच्या आडनावावरून हा शब्द आला त्या ब्रिटनमधल्या पितापुत्रांपैकी माइक म्यू यांचे नाव तिथल्या जनरल डेंटल कौन्सिलने २०२४ मध्ये दंतवैद्यांच्या नोंदणीतून काढून टाकले. आपल्या लेखात त्यांचा उल्लेख फक्त ‘तज्ज्ञ’ असा आहे.

मला खरी तळमळ आहे ती दुसऱ्याच मुलांची. पाचवीच्या वर्गात माझ्यासमोर एक मुलगा बसतो. त्याचे तोंड कायम उघडे, डोळ्यांखाली काळे, दुसऱ्या तासाला पेंग. त्याची आई म्हणाली, ‘रात्री मोठ्या माणसासारखा घोरतो, बाई.’ अशा मुलाला जीभ वर ठेव म्हणून कितीही सांगा, नाकच बंद असेल तर तो तोंड मिटणार कसे? नाकामागची अ‍ॅडेनॉइड ग्रंथी वाढली असेल, अ‍ॅलर्जी असेल, क्वचित जिभेखालचा पडदा आखूड असल्याने जीभ खाली बांधलेली असेल. संशोधक एगिल हार्व्होल्ड यांनी वाढत्या वयाच्या माकडांची नाके बंद करून केलेले प्रयोग १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या माकडांच्या जबड्यांची आणि दातांची ठेवण बदलली होती. म्हणजे श्वासाचा आणि चेहऱ्याच्या वाढीचा संबंध आहे, पण तो या वयात आहे आणि त्याची वाट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाते. जिभेचे आणि घशाचे व्यायामही खोटे नाहीत. झोपेत श्वास अडण्याच्या त्रासात ते प्रशिक्षित थेरपिस्टच्या देखरेखीखाली करून घेतात आणि अनेकांना त्याचा उपयोग होतो. पण ते श्वासासाठी असतात. आपल्या लेखात या मुलांसाठी एक ओळ असती, तर एखाद्या आईने तरी रात्री मुलाचे घोरणे कान देऊन ऐकले असते.

माझ्या मुलाची चिकटपट्टी सुटली आहे, सांध्याचे दुखणेही तीन आठवड्यांत कमी झाले. लेखाचे कात्रण अजून टेबलासमोर आहे; त्याशेजारी आता माझे ते दोन फोटो त्याने लावले आहेत.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. तोंडाने श्वास घेणाऱ्या आणि घोरणाऱ्या मुलांविषयी एखाद्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून लेख लिहवून घ्यावा. आणि ‘आधी’ व ‘नंतर’चे फोटो छापाल तेव्हा ते किती अंतरावरून, मान कशी ठेवून आणि कोणत्या वयात काढले, हे त्यांच्याखाली छापावे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका